पाळीव सरड्यांच्या काचपेटीतील तळथर : एक ऐतिहासिक विवेचन

प्रस्तावना :
प्राणिपालनाच्या इतिहासात पिंजरा, अन्न व औषधोपचार यांचा विचार विपुल झाला. परंतु प्राण्याच्या पायाखाली काय असावे, या प्रश्नाकडे तुलनेने कमी लक्ष दिले गेले. सरड्यांच्या बाबतीत हा प्रश्न जीवनमरणाचा ठरतो. सरडा शीतरक्ताचा प्राणी असल्यामुळे ऊब, ओलावा, आसरा आणि अंडी घालण्याची जागा तो बऱ्याच अंशी जमिनीकडून घेतो. आपल्याकडील घोरपड वारुळात अंडी घालते, तर बागेतील सरडा ओलसर माती उकरून त्यात अंडी पुरतो. उस्मानपुऱ्यासारख्या वस्तीतील सदनिकेत काचपेटीत परदेशी सरडा ठेवला की ही जमीन पाळणाऱ्यालाच निर्माण करावी लागते. प्रस्तुत निबंधात तिला 'तळथर' असे म्हटले आहे.

उद्दिष्टे :
१) बंदिवासातील सरपटणाऱ्या प्राण्यांच्या निवाऱ्याविषयीच्या विचाराचा आढावा घेणे.
२) आपल्या परिसरात उपलब्ध असणाऱ्या तळथरांची सुरक्षितता तपासणे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :
सरपटणाऱ्या प्राण्यांसाठी स्वतंत्र दालन प्रथम लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १८४९ साली उघडले. उष्ण प्रदेशांतील प्राणी थंड हवेत जगवणे, ही तेथील मुख्य अडचण होती. जोन प्रॉक्टर (१८९७-१९३१) या अभ्यासक महिलेने आराखडा केलेले नवे दालन १९२७ मध्ये सुरू झाले. त्यात निरनिराळ्या भागांत निरनिराळे तापमान राखण्याची आणि अतिनील किरणे आत येऊ देणाऱ्या काचेची योजना होती. प्राण्याच्या मूळ प्रदेशाची परिस्थिती बंदिवासात उभी करावी, हा विचार येथे स्पष्ट दिसतो.

भारतात कोलकात्याच्या अलीपूर प्राणिसंग्रहालयाचे अधीक्षक रामब्रह्म सन्याल यांनी १८९२ मध्ये बंदिवासातील प्राण्यांच्या व्यवस्थापनावर महत्त्वाचा ग्रंथ लिहिला. मात्र त्याचा विषय सस्तन प्राणी व पक्षी हा होता. सरपटणाऱ्या प्राण्यांविषयी जनजागृती पुढे मद्रासच्या सर्पोद्यानातून (१९७२) आणि महाराष्ट्रात पुण्याच्या कात्रज सर्पोद्यानातून (१९८६) झाली. १९९२ मध्ये केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण स्थापन झाले. आपल्या शहरातील सिद्धार्थ उद्यानासारख्या प्राणिसंग्रहालयांना त्याचे निकष लागू होतात. घरातील काचपेटीची तपासणी मात्र कोणी करत नाही. तेथे पाळणाऱ्याचे ज्ञान हाच निकष उरतो.

तळथरांचे परीक्षण :
सर्वाधिक गैरसमज वाळूविषयी आहे. सरडा म्हणजे वाळवंट, या समजुतीने पेटीत सुटी वाळू घातली जाते. प्रत्यक्षात ऑस्ट्रेलियातील दाढीवाल्या सरड्याचा प्रदेश बव्हंशी कठीण लाल माती व विरळ झाडीचा आहे. अफगाणिस्तान, पाकिस्तान व वायव्य भारतातील ठिपकेदार पाल खडकाळ, घट्ट भूमीवर राहते. भक्ष्यासोबत गिळलेली वाळू आतड्यात साचून मार्ग बंद होऊ शकतो. अपुरी उष्णता, पाण्याची कमतरता व कॅल्शियमचा अभाव असल्यास हा धोका वाढतो. 'पचणारी' म्हणून विकली जाणारी कॅल्शियमयुक्त वाळूही या दोषापासून मुक्त नाही.

देवदार, चीड अशा सुगंधी लाकडांच्या भुशातून निघणारी तैलद्रव्ये श्वसनमार्गास अपायकारक असतात. मराठवाड्याची काळी माती वाळली की भेगाळते, भिजली की चिकटते. शिवाय कपाशीच्या शेतातील मातीत कीटकनाशकांचे अंश असू शकतात. गालिच्यासारख्या कापडी थरात नखे अडकतात व घाण साठते.

याउलट वर्तमानपत्राचा कोरडा कागद नव्या किंवा आजारी प्राण्यासाठी उत्तम, कारण विष्ठा व परजीवी त्यावर तत्काळ दिसतात. आपल्या जुन्या घरांना परिचित असलेली शहाबादी फरशी ऊब धरून ठेवते, धुता येते आणि नखेही झिजवते. खडकाळ प्रदेशातील सरड्यांना ती योग्य होय. दमट अरण्यात झाडांवर राहणाऱ्या इग्वानासाठी मात्र ओलावा राखणारा, नारळाच्या काथ्याचा भुगा अधिक उपयुक्त ठरतो. मादीसाठी, थर कोणताही असला तरी, ओलसर मातीचे एक खोल भांडे आवश्यक आहे. उकरायला जागा न मिळाल्यास अंडी पोटात अडकून तिचा मृत्यू ओढवू शकतो. अनेक सरड्यांच्या विष्ठेत साल्मोनेला जिवाणू असल्याने पेटी साफ केल्यावर साबणाने हात धुणे हा नियमच असावा.

कायद्याची बाजू :
वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार घोरपड अनुसूची १ मध्ये संरक्षित असून ती पाळणे गुन्हा आहे. तिच्यासाठी सुरक्षित तळथर एकच, तो म्हणजे तिचे माळरान. अधिनियमातील २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून अमलात आली आणि २०२४ च्या नियमांनी इग्वानासारख्या, आंतरराष्ट्रीय व्यापार-कराराच्या यादीतील परदेशी प्राण्यांची नोंदणी बंधनकारक केली.

निष्कर्ष :
इतिहासाचा अभ्यासक कागद हाती येताच तो कोठून आला, हे प्रथम विचारतो. सरड्याच्या बाबतीतही हाच प्रश्न प्रथम विचारावा लागतो. त्याच्या मूळ स्थानावरून तळथर ठरतो आणि तो पाळता येईल की नाही, हेही ठरते. केवळ शोभेसाठी घातलेली वाळू आणि केवळ स्वच्छतेसाठी ठेवलेला उघडा तळ, या दोहोंत पाळणाऱ्याची सोय पाहिली जाते, प्राण्याची नव्हे. सरडा ओरडत नाही. त्याची तक्रार बहुधा तो मेल्यावरच कळते. म्हणून महाविद्यालयांतील प्राणिशास्त्र व इतिहास विभागांनी एकत्र येऊन हे ज्ञान विद्यार्थ्यांपर्यंत मराठीतून पोहोचवणे ही काळाची गरज आहे.