विजिगीषू वृत्ती : आखाड्यापासून बाजारपेठेपर्यंत

खेळाडू किंवा उद्योजक यशस्वी झाला की त्याच्या विजिगीषू वृत्तीचे कौतुक होते. वस्तुतः जिंकण्याची इच्छा हरणाऱ्यालाही तितकीच असते. फरक पडतो तो पराभवानंतरच्या वागण्यात. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ कॅरोल ड्वेक यांनी २००६ मधील आपल्या ग्रंथात माणसांच्या दोन धारणा सांगितल्या. एकीत क्षमता जन्मजात व ठरलेली मानली जाते, तर दुसरीत ती प्रयत्नाने वाढते असे मानले जाते. पहिल्या धारणेच्या माणसाला अपयश हा निकाल वाटतो. दुसऱ्याला ती माहिती वाटते. कर्नाटकाच्या ईशान्य टोकाला असलेल्या बीदर व कलबुर्गी या सीमावर्ती जिल्ह्यांत, आणि लगतच्या मराठी मुलखात, या दुसऱ्या धारणेची बोलकी उदाहरणे आढळतात.

माती आणि मॅट

बीदर जिल्ह्यातील भालकी, औराद, बसवकल्याण या तालुक्यांत मराठी भाषकांची मोठी वस्ती आहे. जत्रेतील कुस्तीचे वेड सीमेच्या दोन्ही बाजूंना सारखेच. सीमेला लागून असलेल्या निलंगा तालुक्यातील रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार १९६९ मध्ये महाराष्ट्र केसरी झाले आणि १९७० च्या एडिंबरो राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी सुवर्णपदक मिळवले. गावच्या तांबड्या मातीत घडलेल्या मल्लाला आंतरराष्ट्रीय मैदानात मॅटवर, वेगळ्या नियमांनुसार लढावे लागते. अंगातली ताकद तीच असली, तरी डाव नव्याने शिकावे लागतात.

हीच अडचण खाशाबा जाधव यांच्यापुढे आधी आली होती. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये अनोळखी मॅटवर लढताना ते सहाव्या स्थानी राहिले. ते स्थान त्यांनी आपली मर्यादा मानली नाही. १९५२ मध्ये हेलसिंकी येथे त्यांनी कांस्यपदक पटकावले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक ठरले. मात्र या यशाची दुसरी बाजूही ध्यानात घ्यावी लागते. प्रवासखर्चासाठी राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवले होते. मल्लाची जिद्द कितीही मोठी असली, तरी तिला पाठबळ देणारा कोणीतरी असावा लागतो.

बिदरीची शिकवण

व्यवसायातील धीराचे उदाहरण बीदर शहरातच आहे. बहमनी काळापासून चालत आलेल्या बिदरी कलेत जस्त व तांब्याच्या मिश्रधातूचे भांडे साच्यात ओततात, घासून गुळगुळीत करतात आणि मोरचुदाच्या द्रावणाने तात्पुरते काळे करतात, म्हणजे कोरीव रेषा स्पष्ट दिसते. कोरलेल्या खाचांत चांदीची तार किंवा पत्रा ठोकून बसवला जातो. पुन्हा घासल्यानंतर बीदरच्या किल्ल्यातील माती व नवसागर यांच्या उकळत्या मिश्रणात भांडे बुडवतात. धातू गडद काळा होतो. चांदी मात्र उजळच राहते. अखेरच्या क्षणी दिसणारी ही झळाळी आधीच्या प्रत्येक टप्प्यावर अवलंबून असते. तारेची एक खाच उथळ राहिली, तर तिची उणीव पुढे कोणत्याही चकाकीने झाकली जात नाही.

या कलेला २००६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. वडिलांकडून ती शिकलेले आणि पुढे इतरांना शिकवणारे बीदरचे शाह रशीद अहमद कादरी यांना २०२३ मध्ये पद्मश्रीने गौरवण्यात आले. आयुष्यभराच्या कामाला मान्यता उतारवयात मिळाली, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. तथापि चांदी महागते, मेहनतीच्या मानाने मोबदला तोकडा पडतो, तेव्हा कारागिराच्या मुलाला केवळ धीर धरण्याचा उपदेश पुरत नाही. रास्त भाव आणि खात्रीची बाजारपेठ नसेल, तर हुन्नर पुढच्या पिढीपर्यंत पोहोचत नाही.

तुरीचा हिशोब

कलबुर्गी हे कर्नाटकातील तुरीचे कोठार. तेथील तूरडाळीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन लाभले. बहुतांशी पावसावर अवलंबून असलेले हे पीक जून-जुलैत पेरले जाते आणि डिसेंबर-जानेवारीत हाती येते. हंगाम बिघडला की अनेक कुटुंबांचे वर्षच हातचे जाते. पाऊस व बाजारभाव शेतकऱ्याच्या मुठीत नसतात. परंतु मर रोगाने पीक वाळल्यावर, त्याची बुरशी जमिनीत टिकून राहते हे जाणून पुढील वर्षी फेरपालट करणे, प्रतिकारक वाण निवडणे, बीजप्रक्रिया करणे आणि माल वाळवून, प्रतवारी करून विकणे त्याच्या हातात असते. नशिबाला बोल लावणारा आणि कारण शोधणारा, या दोघांचे नुकसान पहिल्या वर्षी सारखेच असते. दुसऱ्या वर्षी ते सारखे राहीलच असे नाही.

तात्पर्य

आखाडा, कारखाना व शेत या तिन्ही ठिकाणी विजिगीषू वृत्तीची तीन अंगे दिसतात : हाती असलेले आणि हाती नसलेले यांची निवड, प्रत्येक टप्प्याकडे सारखेच लक्ष, आणि पराभवाची कारणमीमांसा. ही वृत्ती सरावाने अंगी बाणते. मात्र हरलेल्या प्रत्येकाला ‘जिद्द कमी पडली’ असे म्हणणे अन्यायाचे आहे. प्रशिक्षण, भांडवल आणि आधार यांची जबाबदारी समाजावरच येते. खाशाबांच्या पदकामागे गहाण पडलेले एक घर होते, याचा विसर पडू नये.