गुरुवारच्या बाई

दिल्लीत रामकृष्ण आश्रम मार्गच्या मेट्रो स्थानकातून बाहेर पडलं की पंचकुइयाँ रोड लागतो. पलंग, सोफे, कपाटं यांची ओळीनं दुकानं आणि त्याच रस्त्यावर अंध मुलांचं जुनं विद्यालय. तिथून पायी आरामबागेत आलात की आपली नूतन मराठी शाळा. पहाडगंजच्या आत, गल्ली चांदीवालीत, बहिऱ्या स्त्रियांसाठी १९७३ साली सुरू झालेली दिल्ली फाउंडेशन ऑफ डेफ विमेन. सगळं हाकेच्या अंतरावर. मी याच भागातल्या एका प्राथमिक शाळेत शिकवायची. आमच्या मुली पांढरी काठी घेतलेल्या पोरांना रस्ता ओलांडून देत आणि आपल्या वाटेनं शाळेत येत. ती पोरं आपल्या बाकावर का बसत नाहीत, हा प्रश्न कुणाला पडत नसे. आंधळ्यांची शाळा वेगळी, आपली वेगळी, हे पोस्टाची पेटी लाल असते तितकं गृहीत होतं.

ही वेगळी वाट मिशनरी आणि दानशूर लोकांनी घातली, आणि त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. त्या काळी साध्या शाळेत कुणी अशा मुलांना उभं करत नव्हतं. १८८७ मध्ये ॲनी शार्प यांनी अमृतसरला अंधांची शाळा काढली. मुंबईत बहिऱ्या-मुक्या मुलांची शाळा त्याच दशकातली. १९०० मध्ये ॲना मिलार्ड यांनी दादरची अंधशाळा सुरू केली, दोन वर्षांनी ताडदेवला व्हिक्टोरिया मेमोरियल उभी राहिली. वसतिगृह, वेताचं विणकाम, पेटी-तबला आणि जमलं तर चार यत्ता. स्वातंत्र्यानंतर कोठारी आयोगानं १९६६ मध्ये लिहून ठेवलं की अपंग मुलांचं शिक्षण हा सर्वसाधारण शिक्षणव्यवस्थेचाच भाग असला पाहिजे. अहवालात लिहिणं सोपं असतं.

पैसा आला तो १९७४ मध्ये, एकात्मिक शिक्षणाच्या केंद्रीय योजनेतून. गंमत अशी की ही शिक्षणाची योजना सुरू केली समाजकल्याण खात्यानं. शिक्षण खात्याकडे ती १९८२ मध्ये आली. म्हणजे पहिली आठ वर्षं अपंग मूल शाळेत असलं तरी सरकारदरबारी ते विधवा आणि निराधारांच्या फायलीशेजारी होतं. योजनेत पुस्तकांचा भत्ता होता, गणवेशाचा होता, येण्या-जाण्याचा होता, अंध मुलाला वाचून दाखवणाऱ्याचाही होता. १९९२ च्या सुधारित योजनेत आठ मुलांमागे एक विशेष शिक्षक असंही म्हटलं होतं. भत्ते त्यातल्या त्यात मिळत. शिक्षक मात्र नेमावा लागतो, त्यासाठी जागा मंजूर व्हावी लागते, आणि आमच्या नोकरीत मंजूर जागेहून दुर्मीळ वस्तू मी पाहिली नाही.

१९८७ मध्ये एनसीईआरटी आणि युनिसेफनं मिळून एकात्मिक शिक्षणाचा जो प्रकल्प काढला त्याच्या निवडक क्षेत्रांत महाराष्ट्रातला एक तालुका होता तशी दिल्ली महानगरपालिकाही होती. त्याची मांडणी मला आजही शहाणपणाची वाटते. एका क्षेत्रातल्या सगळ्याच शिक्षकांना आठवडाभराची ओळख, त्यातल्या दहा टक्क्यांना सहा आठवड्यांचं प्रशिक्षण आणि मोजक्या आठ-दहा जणांना पूर्ण वर्षाचं. मग ते आठ-दहा जण फिरत राहायचे. हे फिरणं पुढे बराच काळ टिकलं. आमच्याकडे अशा एक बाई गुरुवारी येत. मुली त्यांना गुरुवारवाली मॅडम म्हणत, खरं नाव बऱ्याच जणींना माहीतच नव्हतं.

१९९५ चा अपंग व्यक्ती कायदा फेब्रुवारी १९९६ पासून लागू झाला, त्यानंतर थोड्याच दिवसांनी माझ्या वर्गात एक मुलगी आली. घरचे खानापूर-आटपाडीकडचे, म्हणजे गलाईवाले. वडील सोन्या-चांदीच्या भट्टीवर. माझं माहेर विट्याजवळचं, त्यामुळे तिच्या आईची नि माझी लगेच गट्टी जमली. मुलीला ऐकू फार कमी यायचं. छातीवर लटकवायचं डबीवालं श्रवणयंत्र मिळालं होतं, वायर थेट कानापर्यंत. इतर मुली चिडवतील म्हणून आईनं कापडी पिशवी शिवून ती डबी गणवेशाच्या आत ठेवली होती. गुरुवारच्या बाईंनी पहिल्याच दिवशी पिशवी बाहेर काढून सदऱ्यावर लावली. आतल्या आत कापड यंत्रावर घासतं आणि पोरीच्या कानात दिवसभर खर्र खर्र चालू राहतं, हे त्यांनी माझ्या कानाला यंत्र लावून ऐकवलं. मग तिला खिडकीपासून उठवून पंख्यापासून लांब, माझ्या समोर बसवलं. मेन बाजारच्या रिक्षांच्या घंट्या, छताचा पंखा आणि माझा आवाज ही डबी सारख्याच इमानानं मोठी करते. फळ्याकडे तोंड करून बोलू नका, एवढंच त्यांनी मला बजावलं. पाच-दहा मिनिटांचं काम, पण ते करायला माणूस लागलं.

भाषेचा पेच मात्र गुरुवारी सुटणारा नव्हता. घरी माणदेशी मराठी, गल्लीत हिंदी, पुस्तकात हिंदी आणि इंग्रजी. एका दवाखान्यात वाचा शिकवणाऱ्यांनी सांगितलं की मुलीशी एकाच भाषेत बोला, आणि ती भाषा अर्थातच हिंदी, कारण शिकवणारे हिंदी बोलत. आई माझ्याकडे आली. "बाई, हिच्यासंगं मराठीत बोलू नका म्हणत्यात. मला तर दुसरं काय येतंय? मग मी गप्पच बसायचं का?" मी तिला मराठीतच बोलत जा म्हटलं. १९९५ च्या कायद्याच्या तिसाव्या कलमात बहिऱ्या मुलांना एकच भाषा घेण्याची सोय करावी असं होतं. ती सोय शाळेपुरती होती, कुणाच्या आईची जीभ बांधायला नव्हती. दिल्लीतल्या मराठी घरांतून अशा मुलांच्या निमित्तानं मराठी किती वेळा मुकाट्यानं निघून गेली असेल, याची नोंद कुठल्याच जनगणनेत नाही. अंध मुलांचं या बाबतीत बरं असतं. भारती ब्रेलमध्ये देशातल्या भाषांसाठी एकच व्यवस्था ठरवलेली आहे. हिंदी वाचणारं बोट मराठीवरही चालतं, आणि ळ साठी चार-पाच-सहा हे ठिपके आहेतच.

फिरत्या बाई कंत्राटावर होत्या. शाळा बऱ्याच, गुरुवार एकच. पुढे सर्व शिक्षा अभियान आलं, एकाही मुलाला परत पाठवायचं नाही असं ठरलं. परत पाठवत नसत, हे खरं. आत घेऊन मागच्या बाकावर बसवून ठेवत, तेही खरं. सकाळची पाळी मुलींची, दुपारची मुलांची, अशा दोन पाळ्यांत भरलेल्या इमारतीत शिपायापासून पाणीवाल्या बाईपर्यंत सगळ्यांच्या जागा मंजूर होत्या. विशेष शिक्षकाची नव्हती.

ती झाली न्यायालयामुळे. सोशल ज्युरिस्ट या संस्थेच्या वतीनं अशोक अग्रवाल यांनी दिल्ली उच्च न्यायालयात याचिका लढवली आणि १६ सप्टेंबर २००९ ला न्यायालयानं सांगितलं की दिल्ली सरकारच्या आणि महापालिकेच्या प्रत्येक शाळेत किमान दोन विशेष शिक्षक हवेत. २०१२ मध्ये खासगी शाळांनाही विशेष शिक्षक नेमण्याचं बंधन आलं. मला या निकालाचं मोल पुढच्या मोठ्या कायद्याइतकंच वाटतं. २०१६ च्या कायद्यानं अपंगत्वाचे प्रकार सातावरून एकवीस केले, समावेशक शिक्षणाची व्याख्या दिली, सहा ते अठरा वयाच्या मुलाला जवळची शाळा किंवा विशेष शाळा निवडण्याचा हक्क दिला. सगळं उत्तम. पण या सगळ्याला हातपाय फुटतात ते हजेरीपटावर सही करणारं माणूस आलं की.

माणूस नेमण्यापेक्षा रॅम्प बांधणं सोपं, म्हणून रॅम्पचं कौतुक मी जरा जपूनच करते. जानेवारी २००१ मध्ये चाकाच्या खुर्चीवरचे शास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग दिल्लीत आले तेव्हा जंतरमंतर, कुतुबमिनारला घाईघाईनं लाकडी उतार बसवले गेले. पाहुण्यासाठी एका रात्रीत होतो तो रॅम्प. शाळांमध्येही उतार झाले. त्यांतले काही इतके खडे आहेत की चाकाची खुर्ची घेऊन कुणी त्यावरून एकट्यानं चढून दाखवावं.

ऑक्टोबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं रजनीश कुमार पांडेय यांच्या याचिकेवर विशेष शिक्षकांचं प्रमाण ठरवून जागा निर्माण करायला सांगितलं. त्यानंतर केंद्रानं प्राथमिकला दहा मुलांमागे एक आणि वरच्या वर्गांना पंधरामागे एक असं ठरवलं. १९९२ च्या योजनेत आठामागे एक होता, हे ज्यांनी जुनी परिपत्रकं वाचली त्यांना आठवत असेल. मार्च २०२५ मध्ये न्यायालयाला पुन्हा राज्यांना सांगावं लागलं की जागा जाहीर करा, भरा, आणि वर्षानुवर्षं कंत्राटावर काम करणाऱ्या पात्र शिक्षकांचा विचार करा. आमच्या गुरुवारच्या बाई तोवर निवृत्तीच्या वयापलीकडे गेल्या होत्या, आणि कंत्राटी माणसाला निवृत्तिवेतन नसतं.