विद्युत वायरिंगवरील संगणक जाळे

घरात दिव्यांसाठी व उपकरणांसाठी आधीच बसवलेल्या विजेच्या तारांमधून संगणक, दूरचित्रवाणी संच, राउटर आदी उपकरणांमध्ये माहितीची देवाणघेवाण करण्याच्या पद्धतीला विद्युत वायरिंगवरील संगणक जाळे किंवा पॉवरलाइन नेटवर्किंग असे म्हणतात. या पद्धतीत नवी केबल टाकावी लागत नाही. जाड दगडी किंवा काँक्रीटच्या भिंतींमुळे वाय-फायचा संकेत पोहोचत नाही अशा खोल्यांमध्ये ती विशेष उपयोगी पडते. मात्र घरातील वायरिंग माहिती वाहून नेण्यासाठी बनवलेले नसते. त्यामुळे मिळणारा वेग त्या घरातील वायरिंगवर व त्यावर चालणाऱ्या उपकरणांवर अवलंबून राहतो, आणि तो उत्पादकाने खोक्यावर छापलेल्या आकड्यापेक्षा बराच कमी असतो.

स्वरूप

या जाळ्यासाठी किमान दोन अडॅप्टर लागतात. एक अडॅप्टर राउटरजवळच्या सॉकेटमध्ये बसवून इथरनेट केबलने राउटरला जोडतात. दुसरा अडॅप्टर दूरच्या खोलीतील सॉकेटमध्ये बसवून त्याला संगणक किंवा अन्य उपकरण जोडतात. काही अडॅप्टरांमध्ये वाय-फायची सोयही असते. जाळ्यात दोनहून अधिक अडॅप्टर असू शकतात, परंतु तार एकच असल्याने उपलब्ध क्षमता सर्वांमध्ये वाटली जाते.

कार्यपद्धती

भारतात घरगुती वीज २३० व्होल्ट दाबाने व ५० हर्ट्झ वारंवारतेने पुरवली जाते. पॉवरलाइन अडॅप्टर त्याच तारेवर साधारणपणे २ मेगाहर्ट्झपासून पुढच्या वारंवारतेचे अत्यंत क्षीण संकेत सोडतात. २ मेगाहर्ट्झ ही वारंवारता विजेच्या वारंवारतेच्या ४०,००० पट आहे. एवढ्या फरकामुळे दोन्ही प्रवाह एकाच तारेवर असूनही त्यांना वेगळे करता येते. अडॅप्टरमधील कपॅसिटर ५० हर्ट्झच्या प्रवाहाला अडवतो व उच्च वारंवारतेच्या संकेताला वाट देतो. त्याच्या जोडीला असलेला लहान ट्रान्सफॉर्मर संकेताचे मंडल विजेच्या तारेपासून अलग ठेवतो.

घरातील वायरिंगला अनेक फाटे असतात. फाट्याच्या टोकाशी पोहोचलेला संकेत परावर्तित होऊन मूळ संकेतात मिसळतो आणि काही वारंवारता जवळजवळ नाहीशा होतात. यावर उपाय म्हणून ओएफडीएम ही पद्धत वापरली जाते. तीत माहिती शेकडो उपवाहक तरंगांमध्ये विभागून पाठवली जाते. ज्या उपवाहकावर संकेत स्पष्ट असतो त्यावर अधिक माहिती पाठवतात, ज्यावर तो क्षीण असतो त्यावर कमी पाठवतात किंवा तो मोकळा सोडतात. अडॅप्टर हे मोजमाप सतत करत असतात. त्यामुळे घरातील एखादे यंत्र सुरू किंवा बंद झाले की जोडणीचा वेग बदलतो.

इतिहास

विजेच्या तारांवरून संकेत पाठवण्याची कल्पना संगणकांपूर्वीची आहे. वीजमंडळे उच्च दाबाच्या पारेषण वाहिन्यांवरून उपकेंद्रांमधील दूरध्वनी संभाषण व वाहिनी-संरक्षणाचे संकेत पाठवत आली आहेत. भारतातही ही पद्धत वापरात आहे.

घरगुती वापरात एक्स-१० ही आरंभीची पद्धत होय. स्कॉटलंडमधील पिको इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीने ती १९७५ मध्ये विकसित केली. दिवे व उपकरणे दुरून चालू-बंद करणे हा तिचा उद्देश होता. तीत १२० किलोहर्ट्झचे संकेत विजेचा दाब शून्यावरून जाण्याच्या क्षणी पाठवले जात. दिवा मालवण्याच्या आज्ञेसाठी तिचा वेग पुरेसा होता, संगणक जाळ्यासाठी मात्र नव्हता.

२००० मध्ये अनेक कंपन्यांनी मिळून होमप्लग पॉवरलाइन अलायन्स ही संघटना स्थापन केली. होमप्लग १.० हे तिचे पहिले मानक २००१ मध्ये आले. त्याचा कमाल वेग १४ मेगाबिट प्रतिसेकंद होता. २००५ मध्ये आलेल्या होमप्लग एव्ही मानकात तो २०० मेगाबिटपर्यंत गेला. २०१० मध्ये आयईईई या अभियंत्यांच्या संस्थेने आयईईई १९०१ हे मानक संमत केले. २०१२ मधील होमप्लग एव्ही२ मानकाने वापरातील वारंवारतेचा पट्टा ८६ मेगाहर्ट्झपर्यंत वाढवला. २०१६ मध्ये होमप्लग संघटनेचे कार्य थांबले. तिच्या मानकांवर बनलेली उपकरणे त्यानंतरही वापरात राहिली.

याच सुमारास आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने जी.एचएन हे मानक तयार केले. विजेची तार, दूरध्वनीची तार व कोअ‍ॅक्सियल केबल या तिन्हींवर चालणे हे त्याचे वैशिष्ट्य आहे. होमप्लग व जी.एचएन अडॅप्टर एकमेकांशी संवाद साधू शकत नाहीत. होमप्लग १.० व होमप्लग एव्ही यांच्यातही थेट संवाद होत नाही. म्हणून जाळ्यात नवा अडॅप्टर जोडताना त्याचे मानक जुन्या अडॅप्टरांशी जुळते की नाही हे पाहावे लागते.

छापील वेग व प्रत्यक्ष वेग

अडॅप्टरवर लिहिलेला आकडा हा तारेवरील सैद्धांतिक कमाल वेग असतो. त्यातील मोठा वाटा त्रुटी-दुरुस्ती, पाळी ठरवण्याचे संदेश व पुनःप्रेषण यांत खर्च होतो. पाठवणे व स्वीकारणे ही दोन्ही कामे त्याच तारेवर आळीपाळीने चालतात, आणि छापील आकड्यात दोन्ही दिशांचा वेग एकत्र धरलेला असतो. त्यामुळे चांगल्या वायरिंगवरही वापरकर्त्याला त्याच्या निम्म्याहून कमी वेग मिळतो. शिवाय ५०० मेगाबिट असे लिहिलेल्या अनेक अडॅप्टरांचे इथरनेट पोर्ट केवळ १०० मेगाबिट क्षमतेचे होते. अशा अडॅप्टरमधून संगणकापर्यंत १०० मेगाबिटहून अधिक वेग पोहोचणे शक्य नसते.

वेगावर परिणाम करणारे घटक

* विद्युत गोंगाट: मिक्सर व ड्रिल यांसारख्या ब्रश असलेल्या मोटारी, हलक्या प्रतीचे मोबाइल चार्जर व काही एलईडी दिवे तारेवर अनिष्ट संकेत सोडतात.
* एक्स्टेंशन बोर्ड व सर्ज प्रोटेक्टर: सर्ज प्रोटेक्टरमधील फिल्टर उच्च वारंवारतेचे संकेत शोषून घेतो. यूपीएसमागे जोडलेल्या अडॅप्टरचीही हीच अडचण होते. यामुळे अडॅप्टर थेट भिंतीवरील सॉकेटमध्ये बसवण्याची शिफारस केली जाते.
* फेज: तीन फेजचा पुरवठा असलेल्या घरात दोन सॉकेट वेगवेगळ्या फेजवर असू शकतात. अशा वेळी संकेत शेजारून जाणाऱ्या तारांतून अप्रत्यक्षपणे पोहोचतो व क्षीण होतो.
* अर्थिंग: होमप्लग एव्ही२ मधील वेगवान प्रकार फेज, न्यूट्रल व अर्थ या तिन्ही तारा वापरतो. जुन्या घरात अर्थ तार नसेल, किंवा अडॅप्टरचा प्लग दोन पिनांचा असेल, तर हा लाभ मिळत नाही.
* इन्व्हर्टर: भारतीय घरांत बहुधा निवडक दिवे, पंखे व सॉकेटच इन्व्हर्टरवर असतात. वीज गेल्यावर इन्व्हर्टरवर नसलेला अडॅप्टर बंद पडतो. त्यामुळे राउटर चालू असूनही दूरच्या खोलीतील जोडणी तुटते.

सुरक्षितता

विजेचे मीटर हे संकेतासाठी भिंतीसारखे काम करत नाही. एकाच इमारतीतील शेजारच्या सदनिकेत क्षीण का होईना, पण संकेत पोहोचू शकतो. म्हणून या जाळ्यात कूटलेखन आवश्यक ठरते. होमप्लग १.० मध्ये ५६ बिटांचे डीईएस कूटलेखन होते. होमप्लग एव्हीपासून १२८ बिटांचे एईएस वापरले जाऊ लागले. मात्र या मानकांच्या अडॅप्टरांमध्ये कारखान्यातून एकच सर्वसामान्य परवलीची किल्ली भरलेली असे. ती न बदलल्यास शेजाऱ्याने लावलेला नवा अडॅप्टरही त्याच जाळ्यात सामील होऊ शकतो. दोन्ही अडॅप्टरांवरील जोडणीचे बटण ठरावीक वेळात दाबल्यास नवी किल्ली तयार होते व हा धोका टळतो.

अडॅप्टर बसवण्यासाठी सॉकेट उघडण्याची किंवा वायरिंगमध्ये फेरफार करण्याची गरज नसते. वायरिंगमध्येच दोष आढळल्यास ती दुरुस्ती परवानाधारक वीजतंत्रज्ञाकडून करून घ्यावी लागते.

रेडिओ संदेशवहनातील व्यत्यय

दूरसंचार केबलमधील तारा एकमेकींभोवती पिळलेल्या असतात, त्यामुळे त्यांतून रेडिओ लहरी फारशा बाहेर पडत नाहीत. घरातील विजेच्या तारांना असा पीळ नसतो. उच्च वारंवारतेचे संकेत वाहताना त्या अँटेनाप्रमाणे वागतात. लघुलहरी प्रसारण व हौशी रेडिओ यांचे पट्टे याच वारंवारतांमध्ये येत असल्याने हौशी रेडिओचालकांनी या तंत्रावर वारंवार आक्षेप घेतले. त्यामुळे होमप्लग मानकांमध्ये हौशी रेडिओचे पट्टे वगळण्याची तरतूद झाली. युरोपातील ईएन ५०५६१-१ या मानकातही असे पट्टे वगळण्याची अट आहे.

घरापर्यंत इंटरनेट पोहोचवण्याचे प्रयोग

घराबाहेरील वीज वितरण वाहिन्यांवरूनच ग्राहकाला इंटरनेट देण्याचेही प्रयत्न झाले. अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यातील मॅनासस शहरात २००५ मध्ये अशी सेवा सुरू झाली व २०१० मध्ये ती बंद करण्यात आली. वितरण ट्रान्सफॉर्मर हे संकेत मोठ्या प्रमाणात अडवतात, तसेच उघड्या तारांमुळे रेडिओ व्यत्ययाचा प्रश्न अधिक तीव्र होतो. घरातील तारांची लांबी कमी असल्याने तेथे मात्र हे तंत्र टिकून राहिले.

अन्य उपयोग

होमप्लगचा कमी वेगाचा व कमी वीज वापरणारा प्रकार होमप्लग ग्रीन फाय या नावाने ओळखला जातो. त्याचा वेग सुमारे १० मेगाबिट प्रतिसेकंद आहे. सीसीएस या पद्धतीच्या चार्जिंग केंद्रात विजेवरील वाहन व चार्जर यांच्यातील संवादासाठी तो वापरला जातो. तेथे संकेत वीजपुरवठ्याच्या मुख्य तारांऐवजी चार्जिंग केबलमधील नियंत्रण तारेवरून जातो.

हेही पहा

* इथरनेट
* वाय-फाय
* राउटर
* हौशी रेडिओ