चितारआळीचा पाट

आजीच्या लग्नातला पाट फणसाच्या लाकडाचा. तांबड्या भुईवर पिवळी वेलबुट्टी, काठाला काळी रेघ. सावंतवाडीच्या चितारआळीत रंगवून घेतलेला. सणाला तो माळ्यावरून खाली आला की आजी बजावायची, "पाटाक पाय लावू नको गो!" आणि मग चितारआळीच्या गोष्टी निघायच्या.

तिच्या लहानपणी घरात लग्न ठरलं की चिताऱ्याकडे लगेच निरोप जायचा. पाट, चौरंग, देव्हारा, पाळणा. चिताऱ्याचा हात फिरल्याशिवाय यातलं काहीच पुरं झालं असं कुणी मानत नसे. तिचे वडील चिताऱ्याच्या ओट्यावर काम बघत बसत. त्यांच्याकडून ऐकलेलं ती आम्हांला सांगे. चिंचोके भिजवून, वाटून, शिजवून खळ करायची. तिच्यात खडूची पूड कालवून लाकडावर पुट चढवायचं. वाळलं की गारगोटीनं घोटायचं, वर दुसरं पुट, पुन्हा घोटणं. बोटाला लाकडाची रेषा लागेनाशी झाली की मगच रंग. काठाची रेघ एका दमात ओढायची. शेवटी लाखेची झिलई.

याच हातांनी गंजिफा, म्हणजे खेळायचे पत्ते, रंगवल्या. चिंचोक्याच्या खळीनं चिकटवलेल्या कापडाची गोल पानं. दशावतारी संचात दहा अवतारांची प्रत्येकी बारा, म्हणजे 120. प्रत्येक अवताराच्या पानांची भुई वेगळ्या रंगाची. राजा आणि प्रधान सोडले तर बाकीच्या पानांवर अवताराची खूण: मत्स्याला मासा, परशुरामाला परशू.

छापील पत्ते स्वस्तात मिळू लागले, लाकडी खेळण्यांच्या जागी प्लास्टिकची आली आणि चितारआळीतले कुंचले एकेक करून खाली ठेवले गेले. गंजिफा जाणणाऱ्यांपैकी पुंडलिक चितारी तेवढे उरले होते, तेही थकलेले. तेव्हा, 1970च्या सुमारास, सावंतवाडीचे राजे शिवरामराजे भोसले आणि राणी सत्वशीलादेवी त्यांच्याकडून ही कला शिकले. राजानं कलावंताला आश्रय द्यावा ही जुनी रीत. इथं राजा-राणीच शिष्य झाले. पुढे त्यांनी राजवाड्यातच काम सुरू केलं आणि नव्या मुलामुलींना शिकवलं. आज तिथे मेजांवर, पेट्यांवर, चौरंगांवर तेच दशावतार रंगवले जातात. गोव्यात कुंकळ्ळीच्या चिताऱ्यांनीही लाकडावरचं हे रंगकाम जपलं आहे.

मला वाटतं, ही कला राजाश्रयानं वाचली, पण ती जगली होती घरोघरच्या वापरावर. आजीचा पाट देवासमोर, पंगतीत, लग्नात झिजला. त्यासाठीच तर तो रंगवला होता. भिंतीवर टांगायला म्हणून घेतलेला पाट चिताऱ्याला एकदाच काम देतो. बसायला घेतलेला पाट घरातल्या पुढच्या लग्नात दुसऱ्या पाटाची मागणी करतो.

तेव्हा घरात कार्य असेल तर सावंतवाडीला चार महिने आधी सांगून ठेवा. पुटं वाळायला वेळ लागतो, आणि त्यात घाई चालत नाही.