कालव्यावरचा पूल आणि मुलांचा प्रश्न

डब्लिन शहराच्या उत्तर भागात, रॉयल कालव्यावर, एका कमानीचा छोटा दगडी पूल आहे. कालव्याचे काम १७९० मध्ये सुरू झाले. कालवा कंपनीचे एक संचालक विल्यम ब्रूम यांच्या नावाने हा पूल ओळखला जातो. बांधकाम म्हणून त्यात विशेष काही नाही. तरीही १९९० पासून दर १६ ऑक्टोबरला गणितप्रेमी मंडळी या पुलापर्यंत चालत जातात.

१८४३ साली त्याच तारखेला विल्यम रोवन हॅमिल्टन पत्नीसह कालव्याच्या काठाने रॉयल आयरिश अकादमीच्या सभेला निघाले होते. संमिश्र संख्या म्हणजे प्रतलावरचे बिंदू मानले, तर त्यांचा गुणाकार आणि भागाकार करता येतो. मग अवकाशातील बिंदूंसाठी तीन घटकांच्या संख्या का नसाव्यात? बेरीज-वजाबाकी जमत होती, पण गुणाकार अडत होता. त्या महिन्यात आठ-नऊ वर्षांची त्यांची दोन मुले रोज न्याहारीच्या वेळी विचारीत, की त्रिकुटांचा गुणाकार जमला का? वडील खिन्नपणे नकारार्थी मान हलवीत.

पुलाजवळ उलगडा झाला. तीन नव्हे, चार घटक हवेत. आणि गुणाकारात क्रम बदलला तरी उत्तर तेच, हा नियम सोडायला हवा. ‘आय गुणिले जे’ म्हणजे ‘के’, पण ‘जे गुणिले आय’ म्हणजे ‘वजा के’! हॅमिल्टननी खिशातला चाकू काढून सूत्र पुलाच्या दगडावर कोरले: आय, जे, के या प्रत्येकाचा वर्ग वजा १, आणि तिघांचा त्याच क्रमाने गुणाकारही वजा १. या संख्यांना ‘क्वाटर्निअन’ म्हणतात.

क्रमाचे हे महत्त्व वर्गात सहज दाखवता येते. एक पुस्तक हातात धरा. ते आधी उभ्या अक्षाभोवती ९० अंशांतून फिरवा, मग डावीकडून उजवीकडे जाणाऱ्या अक्षाभोवती. आता पुस्तक मूळ स्थितीत आणून हेच उलट क्रमाने करा. दोन्ही वेळा पुस्तकाचे तोंड वेगळ्या दिशेला येईल. अंतराळयानाचा रोख मोजताना आज क्वाटर्निअन वापरतात ते याचमुळे.

१९५८ मध्ये पुलावर फलक लागला. त्याचे अनावरण करणारे पंतप्रधान एमन डी व्हॅलेरा हे स्वतः एके काळी गणिताचे शिक्षक. हा शोध प्रतिभेच्या झटक्यात लागला, असे फलक सांगतो. मला ते अपुरे वाटते. या प्रश्नाने आपला किमान पंधरा वर्षे पिच्छा पुरवला होता, असे हॅमिल्टननीच नंतर लिहिले आहे.

कोरलेले सूत्र केव्हाच झिजून गेल्याचे त्यांनी १८६५ मध्ये, मृत्यूच्या महिनाभर आधी, मुलाला कळवले. खिशातल्या वहीत त्या दिवशी केलेली नोंद मात्र टिकून आहे.