मदरबोर्ड बदलला की कॉम्प्युटर बदलतो का?

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि एक जुनाच प्रश्न पुन्हा कानावर यायला लागला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय हवी, शिवाय बऱ्यापैकी नवा प्रोसेसर हवा. जुन्या असेंबल्ड मशीनमध्ये प्रोसेसर बदलायचा म्हणजे बहुतेक वेळा मदरबोर्ड आला, मदरबोर्ड आला की रॅम आली. एवढं सगळं बदलल्यावर, पैसे मोजून घेतलेलं विंडोज चालेल का?

याचं खरं उत्तर "तुमच्याकडे कुठलं लायसन्स आहे त्यावर अवलंबून" असं वकिली थाटाचं आहे. पण ते तसं का आहे, याचा इतिहास मात्र मजेदार आहे.

आपल्याकडे, म्हणजे मीरा-भाईंदरसारख्या भराभर वाढलेल्या शहरांत (१९८५ ला नगरपरिषद, २००२ ला महापालिका), घरातला पहिला कॉम्प्युटर बरेचदा "ब्रँडेड" नसायचा. स्लो लोकलने ग्रँट रोडला उतरायचं, लॅमिंग्टन रोडवर दहा दुकानांत भाव काढायचे, नाहीतर सरळ ओळखीच्या कॉम्प्युटरवाल्याला सांगायचं. आणि मग तो कॉम्प्युटर पुन्हा कधी "नवा" घेतला जायचाच नाही. एका दिवाळीला रॅम वाढायची, पुढच्या वर्षी हार्डडिस्क, मग मॉनिटर, मग एक दिवस मदरबोर्ड. दहा वर्षांनी मूळचं काय उरायचं? कॅबिनेट आणि त्यावर चिकटवलेला गणपती! तरीही घरच्यांच्या लेखी कॉम्प्युटर तोच.

लायसन्स लिहिणाऱ्याला मात्र हे चालत नाही. त्याला ठरवावंच लागतं की "एक कॉम्प्युटर" म्हणजे नक्की काय. थोडक्यात, वापरायची परवानगी राहते कुठे?

मराठीपुरतं बघितलं तर ही परवानगी आधी चक्क हातात धरता यायची. आयआयटी कानपूरला सुरू झालेलं आणि पुढे पुण्याच्या सी-डॅककडे आलेलं जिस्ट तंत्रज्ञान कार्डाच्या रूपात यायचं. कार्ड मशीनमध्ये खोचलं की डॉसवर देवनागरी दिसायची. पुढे श्रीलिपीसारख्या डीटीपी पॅकेजेसबरोबर डोंगल आलं. मागच्या पोर्टला लावायचं ते छोटं कुलूप हो! डोंगल हरवलं की संपलं, हा मोठा वैताग. पण मशीन बदललं तर डोंगल काढून दुसरीकडे लावा, विषय संपला. मदरबोर्ड कुठला हे त्यात कोण विचारतंय?

मग देवनागरी ऑपरेटिंग सिस्टिममध्येच आली. फेब्रुवारी २००० मध्ये विंडोज २००० आणि ऑक्टोबर २००१ मध्ये एक्सपी. युनिकोड मराठी नीट लिहायचं तर ९८ सोडून इकडे यावं लागायचं. एक्सपीवरही मराठी आपोआप चालू नसायची. रीजनल अँड लँग्वेज ऑप्शन्समध्ये जाऊन कॉम्प्लेक्स स्क्रिप्टच्या चौकोनात टिक करायची, की मशीन एक्सपीची सीडी मागायचं. आणि असेंबल्डवाल्यांकडे सीडी कुठली? कॉम्प्युटरवाला फॉरमॅट मारून, विंडोज टाकून निघून गेलेला. म्हणजे लायसन्सचा प्रश्न फक्त पैशांचा नव्हता, आपल्या भाषेत लिहिता येणार की नाही हेही त्यात अडकलेलं होतं.

आता लायसन्सचे प्रकार बघू. तीन मुख्य होते. पहिला ओईएम. हा मशीनबरोबर स्वस्तात मिळतो, कारण सपोर्टची जबाबदारी मशीन बनवणाऱ्यावर असते. पण तो जन्मभर त्याच मशीनला बांधलेला. रॅम बदला, डिस्क बदला, चालेल. मदरबोर्ड बिघडला म्हणून बदलला तरी चालेल. पण हौस म्हणून वरचा मदरबोर्ड टाकलात की मायक्रोसॉफ्टच्या मते तो नवा कॉम्प्युटर, नवं लायसन्स घ्या! दुसरा रिटेल. हा महाग, पण जुन्या मशीनवरून काढून नव्यावर टाकता येतो. तिसरा अपग्रेड. यात जुनं आणि नवं मिळून लायसन्स एकच. ९८ वरून एक्सपीला गेलात तर तेच ९८ धाकट्या भावाच्या मशीनवर टाकता येत नाही.

हे नियम आधीही कागदावर होतेच, पण विचारणारं कोणी नव्हतं. ९८ ला पंचवीस अक्षरांची की टाकली की झालं. एक्सपीने अ‍ॅक्टिव्हेशन आणलं. मशीनच्या पार्ट्सचा एक ठसा घ्यायचा आणि तो फार बदलला की पुन्हा अ‍ॅक्टिव्हेट करायला लावायचं. इंटरनेट नसेल तर फोनवर पन्नासेक आकडे वाचून दाखवायचे. करारातलं वाक्य आता पहारेकरी बनलं होतं. आणि पहारेकरीही चुकतो. ऑगस्ट २००७ मध्ये मायक्रोसॉफ्टचा तपासणी सर्व्हर गडबडला आणि खरं विंडोज असलेल्या लोकांनाही "तुमची प्रत अस्सल नाही" असं ऐकावं लागलं.

नियम दगडावरची रेघ नव्हते, हेही खरं. ऑक्टोबर २००६ मध्ये व्हिस्टाच्या रिटेल लायसन्सवर "फक्त एकदाच दुसऱ्या मशीनवर नेता येईल" अशी अट आली. स्वतः मशीन जुळवणाऱ्या हौशी मंडळींनी आरडाओरडा केला आणि नोव्हेंबरमध्ये कंपनीने ती अट मागे घेतली.

आणि कायदा काय म्हणतो? आपला कॉपीराइट कायदा १९५७ चा. त्याच्या कलम ५२ मध्ये प्रोग्रामची प्रत कायदेशीरपणे बाळगणाऱ्याला वापरासाठी आणि बॅकअपसाठी प्रत करायची मुभा आहे. कलम ६३ब मध्ये बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरल्यास सात दिवस ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड आहे. नफ्यासाठी वापर नसेल तर कोर्ट कैद टाळू शकतं. पण गंमत बघा, मदरबोर्डचं नाव यात कुठेच नाही. कायदा माणसाबद्दल बोलतो, मदरबोर्डचा नियम हा कंपनीच्या कराराचा. जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने तर २००० मध्येच ओईएम विंडोज मशीनशिवाय विकण्याला हिरवा कंदील दाखवला. पुढे २०१२ मध्ये युरोपियन न्यायालयाने डाउनलोड केलेल्या सॉफ्टवेअरचं कायमस्वरूपी लायसन्सही पुन्हा विकता येतं असं सांगितलं. म्हणजे जगात सगळीकडे एकच उत्तर आहे असं नाही.

विंडोज १० ने, म्हणजे २०१५ नंतर, ही परवानगी कागदावरून आणि स्टिकरवरून उचलून मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवर नेली. २०१६ पासून ती मायक्रोसॉफ्ट अकाउंटला जोडता येते. मदरबोर्ड बदलल्यावर ट्रबलशूटरमध्ये "नुकतंच हार्डवेअर बदललं" असं सांगायचं, बस. ७ आणि ८ च्या जुन्या की वापरून नव्याने अ‍ॅक्टिव्हेट करायची वाट मात्र २०२३ मध्ये बंद झाली. आणि हो, अकाउंटला जोडलं म्हणून ओईएमचं रिटेल होत नाही. तांत्रिकदृष्ट्या चालणं आणि कराराने चालणं या दोन वेगळ्या गोष्टी.

कार्ड, डोंगल, स्टिकर, मदरबोर्ड, अकाउंट. प्रत्येक पायरीला परवानगी आपल्या हातापासून थोडी लांब गेली आणि वापरायला थोडी सोपी झाली. डोंगल हरवलं तर निदान आपण हरवलेलं असायचं. अकाउंट बंद झालं तर दाद परक्या सर्व्हरकडे मागायची.

तेव्हा मशीन उघडायच्या आधी दोन कामं करा. बिल शोधून लायसन्स ओईएम आहे की रिटेल ते बघा, आणि रिटेल असेल तर जुना मदरबोर्ड चालू असतानाच ते अकाउंटला जोडा. ओईएम निघालं तर नव्या लायसन्सचे पैसे आधीच बजेटमध्ये धरा. किंवा लिनक्स टाका. तिथे मदरबोर्ड कितवा, हे कोणी विचारत नाही, आणि मराठी लिहायला सीडीही मागत नाही :)