गुडघ्याची नोंद

मराठी माणूस लग्नाची घाई झाली की गुडघ्याला बाशिंग बांधतो, हरला की गुडघे टेकतो आणि दुसऱ्याची अक्कल गुडघ्यात आहे असे खुशाल म्हणतो. बोलीने गुडघ्याला एवढा मान दिला; पण दवाखान्याच्या आणि सरकारच्या कागदावर दुखावलेल्या गुडघ्याला स्वतःची ओळ मिळायला फार काळ लागला. कारण साधे आहे. गुडघा मोडून माणूस सहसा मरत नाही, आणि मोजदाद सुरू झाली ती मरणाऱ्यांची.

जुन्या वैद्यांना हा फरक ठाऊक होता. सुश्रुतसंहितेत शरीरातली १०७ मर्मे सांगितली आहेत. कुठे घाव बसला तर माणूस तत्काळ जातो, कुठे बसला तर काही काळाने, अशी त्यांची वर्गवारी आहे. गुडघा, म्हणजे जानुमर्म, हे 'वैकल्यकर' गटात येते. जीव राहतो, पण लंगडेपण येते. हाड मोडण्याचे बारा आणि सांधा निखळण्याचे सहा प्रकारही तिथे नावानिशी दिले आहेत. पुढे नवव्या-दहाव्या शतकात रय आणि बगदाद येथे अल-राझी हा थोर हकीम एकेका रोग्याची हकिगत टिपून ठेवत असे. काय झाले, काय दिले, गुण आला की नाही, हे सारे त्यात असे. त्याच्या पश्चात ती टिपणे 'अल-हावी' या ग्रंथात एकत्र झाली. म्हणजे दुखण्याचे प्रकार पाडणे आणि रोग्याची हकिगत लिहिणे ही दोन्ही कामे पुरातन आहेत.

राज्यकारभाराची वही मात्र वेगळी. लंडनमध्ये दर आठवड्याला मृतांच्या याद्या छापल्या जात. जॉन ग्राउंट नावाच्या एका व्यापाऱ्याने त्या चाळून १६६२ साली मरणाच्या कारणांचा हिशेब मांडला. एकोणिसाव्या शतकात विल्यम फार याने इंग्लंडमध्ये त्याला शास्त्रीय शिस्त लावली. १८९३ साली फ्रान्सच्या जाक बर्तियाँ याने मृत्यूच्या कारणांची आंतरराष्ट्रीय यादी मांडली. गंमत पाहा, याचाच भाऊ आल्फाँस याने गुन्हेगारांच्या अंगाची मापे घेऊन त्यांना ओळखण्याची पद्धत काढली होती. एक भाऊ गुन्हेगार मोजत होता, दुसरा मरणे. जिवंत राहून लंगडणारा या हिशेबात जवळजवळ नव्हताच.

तो आला १९४८ साली. जागतिक आरोग्य संघटनेने या यादीची सहावी आवृत्ती हाती घेतली, तेव्हा तिच्यात मृत्यूबरोबर आजार आणि दुखापतीही सामील झाल्या. दुखापतीला दोन खुणा मिळाल्या. एक, इजा काय झाली. दुसरी, ती कशाने झाली. आजार आणि इजा यांना अक्षर-आकड्यांची खूण देण्याच्या या कामाला आज 'मेडिकल कोडिंग' म्हणतात. दहाव्या आवृत्तीत एस ८० ते एस ८९ हा पट्टा गुडघा आणि पोटरीच्या इजांचा आहे. वाटी फुटली तर एस ८२.०, सांधा निखळला किंवा आतले बंध ताणले-तुटले तर एस ८३. 'कशाने' या रकान्यात तर आपले गावच भेटते. झाडावरून पडण्याला खूण आहे, मळणीयंत्रासारख्या शेतीच्या यंत्राला आहे, मोटारसायकलला आहे, आणि बैलगाडीतल्या माणसाच्या अपघातालाही व्ही ८० ही खूण आहे. अकरावी आवृत्ती २०२२ पासून अमलात आली.

अमेरिकेने २०१५ साली दहाव्या आवृत्तीचे आपले विस्तारित रूप लागू केले. त्यात 'एस ८३.५११ ए' याचा अर्थ होतो: उजवा गुडघा, आतला पुढचा बंध दुखावलेला, उपचार चालू. ही खूण नसेल तर तिकडे विम्याचे बिल अडते. पुणे, हैदराबाद, चेन्नईत बसून आपली मुले-मुली हे काम करतात. अमेरिकेतल्या कुणाचा गुडघा उजवा की डावा, हे त्यांना काटेकोर पाहावे लागते.

आता आपल्याकडे या. आपल्याकडे गुडघ्याची गाठ विम्याच्या आधी कायद्याशी पडते. १८६० च्या भारतीय दंड संहितेने 'जबर दुखापती'चे आठ प्रकार ठरवले. हाड मोडणे किंवा निखळणे त्यात होते, सांध्याची शक्ती कायमची कमी होणेही होते. वीस दिवस तीव्र वेदना किंवा नेहमीची कामे न करता येणे, हेही होते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ही मुदत पंधरा दिवसांची झाली. पण एक्स-रेत हाड दिसते, बंध दिसत नाही. पहिल्या दिवशी चित्र स्वच्छ आले की कागदावर 'साधी दुखापत' लिहिले जाण्याचा धोका असतो. सूज उतरल्यावर महिन्याभराने उतारावर गुडघा दगा देऊ लागतो, तेव्हा तो पहिला कागदच माणसाच्या विरोधात उभा राहतो.

भरपाईचेही तसेच. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या तक्त्यात गुडघ्यातून किंवा त्याच्या वरून पाय गेला तर कमाईची ६० टक्के हानी धरली होती, गुडघ्याखाली गेला तर ५० टक्के. पण पाय शाबूत असून गुडघा वाकतच नाही, त्याचे काय? त्याला तक्त्यात ओळ नव्हती. त्याची हानी वेगळी ठरवावी लागे. सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली राजकुमार विरुद्ध अजयकुमार या खटल्यात स्पष्ट केले की, अवयवाचे अपंगत्व किती टक्के आणि कमाईचे नुकसान किती टक्के, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तीच इजा कारकुनाला एक नुकसान करते, ड्रायव्हरला दुसरे.

आमच्या नेर परसोपंतच्या शिवारात हा निवाडा लगेच समजतो. गुडघा नव्वद अंशांत वाकला की खुर्चीवर बसता येते. कागदावर 'सुधारणा समाधानकारक' असे येते. पण निंदणाला उकिडवे बसायचे, सोयाबीन सोंगायला वाकायचे, तर नव्वद अंश पुरत नाहीत. पंगतीत मांडी घालायला पुरत नाहीत आणि नमाजात सजद्यानंतर गुडघे मुडपून बसायलाही पुरत नाहीत. निंदणारी बाई बरी झाली असे कागद म्हणतो, आणि तिची मजुरी मात्र बुडालेली असते. हाडवैद्याकडे पट्टी बांधून घेतली असेल, तर बहुधा तेवढाही कागद नसतो.

म्हणून दवाखान्यातून निघताना आपल्या कागदावर एवढे आहे का, ते पाहावे: उजवा की डावा, कधी, कशाने, गुडघा किती वाकतो, आणि हा माणूस कोणते काम करून जगतो. नसेल तर डॉक्टरांना नम्रपणे लिहून द्या म्हणावे. गुडघा पुन्हा दगा देऊ लागला तर परत जाऊन तेही तारखेसह लिहून घ्यावे. मरणाचे कारण लिहायला जगाने तीन शतके खर्ची घातली. जगणाऱ्याचे दुखणे नीट लिहायला दोन मिनिटे पुरतात.